फरक जाणवतोय ना?

पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीत बसल्यावर पहिली चार मिनिटं काही करायचं नसतं. इंजिनाच्या पेटीत साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर फेकणारा पंखा, ज्याला ब्लोअर म्हणतात, तो सुरू करायचा आणि गप्प बसायचं. किल्लीला हात लावायचा नाही. तशी सूचनाच डॅशबोर्डावर चिकटवलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते आणि एक ठिणगी पडली की बोट, बोटवाले आणि बोटवाल्यांचे पाहुणे सगळे एकदमच किनाऱ्याला लागतात, फक्त तुकड्यातुकड्याने. नियम शहाण्या माणसाने केलाय, त्यात वाद नाही. एकच गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. चार मिनिटं रिकामा बसवलेला मराठी माणूस सुधारणा सुचवतो.

आमच्या साडूभाऊंना स्पेसर या चार मिनिटांतच सुचला.

साडूभाऊ ओहायोत, एरी सरोवरापासून तासाभरावर राहतात. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, पोटापाण्यासाठी विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतात. म्हणजे पदवी हातात आल्यापासून पान्हा काही हातात आला नव्हता आणि आतला इंजिनिअर वर्षानुवर्षं उपाशी होता. पन्नाशीत अशा माणसांचं काहीतरी होतंच. कोणी मंडळाच्या नाटकात उभं राहतं, कोणी बर्फाच्या मुलखात कढीपत्ता जगवायला घेतं. साडूभाऊंनी जुनी बोट घेतली. तिच्यात माझा पाव हिस्सा आहे. पाव हिस्सेदाराचे हक्क असे: पेट्रोलचे निम्मे पैसे द्यायचे, दोर धरायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

बोटीचं इंजिन शेव्हरोलेचं, 350 क्युबिक इंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-एट. हे इंजिन 1967 मध्ये मोटारीसाठी निघालं, मग ट्रकमध्ये गेलं आणि तिथून पाण्यात उतरलं. ताकद अडीचशे हॉर्सपॉवरच्या वर. पुण्यात सात-आठ हॉर्सपॉवरच्या स्कूटरवरून बायको, दोन मुलं आणि गॅसचं सिलिंडर एका खेपेत नेलेल्या माणसाला यात काय कमी पडावं? पण बोट आली की स्वभाव बदलतो. शेजारची बोट आपल्या आधी बेटावर पोचली हे सोसवत नाही. त्या शेजाऱ्याला बेटावर पोचून बिअर पिण्याखेरीज दुसरं काम नसलं, तरी नाही.

बेट म्हणजे साउथ बास आयलंड. तिथल्या पुट-इन-बे गावात 352 फूट उंचीचा दगडी खांब आहे. 1813 मध्ये याच सरोवरात अमेरिकेच्या पेरी नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने इंग्रजांचा ताफा हरवला, त्याचं ते स्मारक. खांब फार लांबून दिसतो. त्यामुळे आपण अजून किती मागे आहोत तेही फार लांबून दिसतं. साडूभाऊ त्या खांबाकडे बघत गाडी, म्हणजे बोट, हाकायचे आणि दर वेळी म्हणायचे, "इंजिन दमतंय हो. त्याला श्वास घेता येत नाहीये."

मला तर ते चांगलं घोरताना ऐकू यायचं. पण पाव हिस्सा.

मग एका शनिवारी ब्लोअर घोंघावत असताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. कार्बोरेटर मॅनिफोल्डवर बसलेला असतो. त्याच्यातून खाली आलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला मॅनिफोल्डमध्ये शिरताच काटकोनात वळावं लागतं आणि त्यात ते अडखळतं. या दोघांच्या मध्ये इंचभर जाडीचा ठोकळा घालायचा. देवाला चौरंग, तसा कार्बोरेटरला स्पेसर. कार्बोरेटर इंचभर वर गेला की वळण सैल पडतं, खालची पोकळी वाढते आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. चार भोकांचा स्पेसर घेतला तर मिश्रणाचा वेग टिकतो आणि कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते. मधून सगळा मोकळा असलेला घेतला तर ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते. ॲल्युमिनियमचा मिळतो, बॅकेलाइटचा मिळतो, चक्क लाकडाचाही मिळतो.

"किती वाढते ताकद?" मी विचारलं.

"डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, पाच-दहा हॉर्सपॉवर दिसते."

"दिसतेच?"

"कधी काहीच दिसत नाही. कधी कमी होते. इंजिनावर अवलंबून."

हे वाक्य मी आजवर ज्योतिषी आणि होमिओपॅथ यांच्याकडून ऐकलं होतं. इंजिनिअरकडून पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्या धक्क्यावर शेजारी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर आहेत. मोटारशर्यतींचा त्यांना भारी नाद. स्पेसर हा शब्द कानावर पडताच ते खुर्ची घेऊनच आले. 1987 मध्ये अलाबामातल्या टालाडेगाच्या शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी ताशी दोनशे मैलांच्या आसपास असताना उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. मग गाड्यांना लगाम घालायला 1988 पासून टालाडेगा आणि डेटोना या दोन ट्रॅकवर कार्बोरेटरखाली छोट्या भोकांची पट्टी सक्तीची झाली. पुढे कार्बोरेटर गेले, फ्यूल इंजेक्शन आलं, आणि 2019 मध्ये पट्टी जाऊन तिच्या जागी दुसरा ठोकळा आला. तोही इंजिनाचा वेग कमी करायलाच. "आणि त्याचं नाव सांगू?" म्हातारबुवा म्हणाले. "टेपर्ड स्पेसर!"

मी साडूभाऊंकडे पाहिलं. डेटोनात ज्या नावाच्या वस्तूने गाडी हळू होते, त्याच नावाच्या वस्तूने बोट वेगात जाणार होती.

"भोकं वेगळी असतात," साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली. चार मिनिटं होऊन गेली होती.

ॲल्युमिनियमचा स्पेसर आला. आरशासारखा चकचकीत. घरात तो दोन-तीन दिवस टीव्हीखाली ठेवला होता. येणारे-जाणारे तो उचलून बघायचे, "वजनाला हलका आहे नाही?" म्हणायचे आणि चहा प्यायचे. माझ्या मते तो तिथेच राहिला असता तर सगळ्यांचं भलं होतं.

बसवायला घेतला तेव्हा कळलं की कार्बोरेटर इंचभर वर गेला, पण त्याला धरून ठेवणारे चार स्टड तेवढेच राहिले. ते स्पेसरच्या भोकातून जेमतेम डोकं काढून बघत होते. लांब स्टड आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. जाडी पाच सोळांश इंच. आता हे माप डोक्यात कुठेच बसेना, तेव्हा साडूभाऊंच्या आतला उपाशी इंजिनिअर जागा झाला. कॉलेजच्या वर्कशॉपमधले मिस्त्री आठवले. "अहो, म्हणजे अडीच सूत!" एका सुताचे अष्टमांश इंच, अडीच सुताचे पाच सोळांश. हिशेब चोख. आनंदाच्या भरात त्यांनी काउंटरवरच्या पोराकडे अडीच सुताचेच स्टड मागितले. पोरगं सतरा-अठरा वर्षांचं. ते नम्रपणे म्हणालं, "सर, ते आमच्याकडे येत नाहीत. ऑनलाइन बघा."

स्टड बसले. नट बसले. पेट्रोलची नळी पोचेना, म्हणून ती नवी. थ्रॉटलच्या केबलचा कोन बदलला, म्हणून तिच्यासाठी वेगळी पट्टी. एक इंच उंचीपायी किती वस्तू इंचभर सरकतात, याची कल्पना ज्याने घरात नवीन टाइल्स बसवून दारं रंधून घेतली आहेत त्यालाच येईल.

सगळ्यात शेवटी झाकण लावायला गेलो. ते लागेना.

इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे. बोटीच्या कार्बोरेटरच्या डोक्यावर मोटारीसारखा नुसता एअर फिल्टर चालत नाही. तिथे धातूच्या जाळ्यांचा फ्लेम अरेस्टर असतो. इंजिनाने उलटा भडका मारलाच, तर ज्वाळा त्या जाळीत थंड होते, पेटीत पसरत नाही. 25 एप्रिल 1940 नंतर बसवलेल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनाला, आउटबोर्ड सोडून, अमेरिकेत हे बंधनकारक आहे. तर हा अरेस्टर आता इंचभर वर आला होता आणि इंजिनाच्या पेटीच्या झाकणाला आतून डोकं लावून बसला होता. झाकण एका बाजूने उचललेलं राहिलं. त्या झाकणावरच मऊ गादी असते आणि त्या गादीवर माझी मेव्हणी ऊन खात पडते. बोटीत तिला रस आहे तो तेवढाच.

"अरेस्टर काढून टाकला तर?" साडूभाऊंनी हळूच विचारलं.

"तर भावोजी आणि ताई टॅक्सीने जातील," मेव्हणी म्हणाली. "आणि मीही."

अरेस्टर राहिला. त्या दिवशी ती तिरक्या गादीवर आडवी झाली आणि पहिल्या लाटेला घसरत घसरत थेट आइसबॉक्सपर्यंत आली. एरी हे पंचमहासरोवरांमधलं सगळ्यांत उथळ सरोवर, सरासरी खोली बासष्ट फूट. त्यामुळे जरा वारा सुटला की लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. ती पुन्हा वर चढायची, पुन्हा खाली यायची. साडूभाऊंचं लक्ष वेगाच्या काट्यावर. मान न वळवता त्यांनी विचारलं, "फरक जाणवतोय ना?"

"जाणवतोय," मेव्हणी आइसबॉक्सजवळून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बसका अरेस्टर आला आणि झाकण लागलं. त्याची किंमत स्पेसरच्या किती पट होती हे मी विचारलं नाही. निम्मी माझ्याकडून घेतली गेली.

आता इंजिन स्लो होईना. थ्रॉटल पूर्ण मागे घेतला तरी ते हजार-बाराशे फेऱ्यांवर गुरगुरत राहायचं. रस्त्यावर याने फारसं बिघडत नाही, ब्रेक असतो. बोटीला ब्रेक नसतो. धक्क्याला लागताना बोट सरपटत यावी लागते, आणि आमची धावत येऊ लागली. शनिवारी दुपारी धक्क्यावर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी दुसऱ्यांच्या बोटी लागताना बघायलाच आलेली असतात. ते त्यांचं नाटक, कीर्तन, सगळं तेच. आम्ही येताना दिसलो की एकेकजण खुर्चीवरून उठून उभा राहायचा. मी पुढच्या टोकाला, हातात दोर, तोंडाने "हळू, हळू, हळू." साडूभाऊ मागून ओरडायचे, "हळूच आहे!" एकदा धक्क्याच्या खांबाला मी दोन्ही हातांनी मिठी मारली आणि बोट पायाखालून पुढे गेली. टाळ्या पडल्या. मराठी मंडळाच्या रंगमंचावर मला एवढ्या कधीच मिळाल्या नव्हत्या.

शेवटी धक्क्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. तासाचा दर ऐकूनच इंजिनाने सुधारायला हवं होतं. त्यांनी झाकण उघडलं, कार्बोरेटरच्या बुडाशी कान नेला, पाच-सहा सेकंद ऐकलं आणि विचारलं, "वरचं पॅकिंग कुठाय?"

स्पेसरला दोन पॅकिंग लागतात. एक खाली, एक वर. साडूभाऊंनी खालचंच घातलं होतं. वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत आहे, मग पॅकिंग कशाला, असा विचार. त्या गुळगुळीत फटीतून इंजिन हवा ओढत होतं. जास्तीची हवा म्हणजे पेट्रोल पातळ. मिस्त्री म्हणाले, "स्लोला नुसतं गुरगुरतंय म्हणून वाचलात. याच स्थितीत फुल थ्रॉटलला अर्धा तास पळवली असती, तर पिस्टन जळला असता." मोटार चढ चढते, मग उतरते, मध्ये इंजिनाला विसावा मिळतो. बोटीला उतार नाही. तिचं इंजिन सगळा वेळ चढावरच असतं.

साडूभाऊ एवढंच म्हणाले, "म्हणजे इंजिनाला हवा मिळत होती. तत्त्व बरोबर होतं."

दोन्ही पॅकिंग बसल्यावर वेगाची चाचणी झाली. जीपीएसवर ताशी पस्तीस मैलांचे छत्तीस दिसले. साडूभाऊंनी फोटो काढला. मग वळलो, तर परतीच्या वाटेवर चौतीस. वाऱ्याचं कोणी नाव घेतलं नाही.

खरं तर हिशेब साधा आहे. लाटांवर उचलून पळणाऱ्या बोटीचा वेग साधारण ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो. अडीचशे हॉर्सपॉवरमध्ये पाचची भर म्हणजे दोन टक्के. त्याचं वर्गमूळ धरलं की वेग वाढला एक टक्का, म्हणजे पस्तीस मैलांवर जेमतेम तिसरा हिस्सा मैल. वजन दोन टक्के कमी केलं तरी हाच फायदा. चार हजार पौंडांच्या बोटीत दोन टक्के म्हणजे ऐंशी पौंड. छत्तीस किलो. हे मी मोठ्याने बोललो, ही चूक झाली असं बायकोचं मत आहे, कारण आमचा धाकटा पाचवीत आहे आणि त्याचं वजन नेमकं तेवढंच आहे.

"काका," तो साडूभाऊंना म्हणाला, "मी उतरू का? म्हणजे तुम्हाला स्पेसर लागणार नाही."

साडूभाऊंनी क्षणभर विचार केला. तो क्षण मी पाहिला आहे.

आणि वजनाचंच म्हणाल तर साठ गॅलनची टाकी भरली की तेवढ्याने एकशे पासष्ट किलो चढतात. त्याशिवाय आइसबॉक्स, कोळशाची शेगडी, दोन्ही बहिणींनी केलेले पराठे, आणि "बोटीत भूक लागते" म्हणून आणलेला पातेलंभर साबुदाणा. कार्बोरेटरखाली इंचभर जागा करून इंजिनाला श्वास द्यायचा आणि वरून त्याच्या छातीवर साबुदाणा ठेवायचा, असा आमचा कारभार.

एवढं सगळं झालं तरी स्पेसरला एक खरं काम येतं, आणि ते कळायला आम्हाला स्पेसर बदलावा लागला. बेटावर जेवून आलो की तापलेलं इंजिन चालू होईना. इंजिन बंद झाल्यावर खालची उष्णता वर चढते, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि इंजिनात सांडून बसतं. ॲल्युमिनियमचा चकचकीत स्पेसर तर उष्णता आणखी आनंदाने वर पाठवतो. बोरघाटात फियाट थांबवून, बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवणारे बाप ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा रोग माहीत आहे. त्यावर उपाय बॅकेलाइटचा स्पेसर. बॅकेलाइट म्हणजे जुन्या वाड्यांमधले ते काळे, गोल, खट्ट वाजणारे दिव्याचे खटके ज्याचे असत तेच. लिओ बेकलँड नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते 1907 मध्ये शोधलं. उष्णता त्यातून फारशी जात नाही. साडूभाऊंनी चकचकीत स्पेसर काढून हा काळा, मुका ठोकळा बसवला, आणि जेवणानंतर बोट पहिल्या झटक्याला चालू होऊ लागली. या फरकाबद्दल मात्र ते कोणालाही सांगत नाहीत. "आमची बोट चालू होते" यात सांगण्यासारखं काय आहे?

वेगाचा प्रश्न मिस्त्रींनीच निकालात काढला. बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा त्यांनी खालून एक फेरी मारली. तळावर शेवाळ्याचा हिरवा गालिचा. प्रोपेलरचं एक पातं कधीतरी दगडाला लागून दुमडलेलं. "हे कधी बघितलं होतं?" त्यांनी विचारलं. साडूभाऊ वर, इंजिनाकडे बघत होते.

मी, धाकटा आणि मिस्त्रींचा नातू, तिघांनी तळ घासला. साडूभाऊंनी देखरेख केली. पातं सरळ करून आणलं. पुढच्या फेरीत जीपीएसवर एकोणचाळीस, आणि परतीतही एकोणचाळीस. शेवाळं घासणाऱ्या माणसाला त्याच्या कष्टाचं फळ दिसलं असं वाटून मी हात चोळत उभा होतो.

"बघितलंत?" साडूभाऊ म्हणाले. "स्पेसर उशिरा लागू पडतो. मुरावा लागतो."

म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मेव्हणीने गादीवर कूस बदलली.

आता जुन्या बोटीला गिऱ्हाईक आलंय आणि साडूभाऊ थोडी नवी बघताहेत. 2010 पासून अमेरिकेत बोटींच्या धुराचे नियम कडक झाले आणि नव्या इंजिनांमध्ये कार्बोरेटरच येत नाही, फ्यूल इंजेक्शन येतं. कार्बोरेटर नाही म्हणजे स्पेसर नाही, या आनंदात घरात परवा शिरा झाला. पण इंजेक्शनवाल्या इंजिनांच्या थ्रॉटल बॉडीखाली घालायचेही स्पेसर बाजारात मिळतात. इंचभर जाडीचे, ॲल्युमिनियमचे, आरशासारखे चकचकीत. ही माहिती साडूभाऊंपर्यंत अजून पोचलेली नाही. वाचकांपैकी कोणी ओहायोत असेल आणि ब्लोअर चालू असताना त्यांच्या शेजारी बसण्याची पाळी आलीच, तर कृपा करून हवापाण्यावर बोलावं.